पुढचं वळण

"बाबा, आत अंधार असला तर पुढचं वळण कळणार कसं?"

थीम पार्कात येणाऱ्या इनडोअर फॅमिली रोलर कोस्टरचं चित्र लेक बघत होती. चित्रात नुसती बंद इमारत. रूळ कुठेच नाही.

तिचा प्रश्न दिवसभर डोक्यात घोळत राहिला. खरी गंमत तिथेच तर आहे! फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधला 'स्पेस माउंटन' हा अंधारातला रोलर कोस्टर १९७५ साली सुरू झाला. वेग जेमतेम ताशी ४५ किलोमीटर, पण काळोखात रूळ दिसत नाही, म्हणून तोच वेग कितीतरी जास्त वाटतो.

माझा अंदाज, हा नवा कोस्टरही फार उंच नसणार. अंधार आणि अचानक येणारी वळणं पुरेत.

उंचीची अट मात्र कमी असावी, मनापासून वाटतं. मागच्या वेळी पट्टीपाशी दोन बोटं कमी पडली, तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती टाचा उंचावून उभी राहिली.

या वेळी बसू देतील ना तिला?