संगीतकाराच्या रकान्यात सात नावं

आमची रेकॉर्ड हातात येऊन पंधरा दिवस झाले, तरी छपाईआधीचा तो हक्कांचा फॉर्म आठवला की अजून डोकं तापतं. कोल्हापुरात किंवा आसपास कुणी चार-सहा जण मिळून, आधी काहीही न ठरवता वाजवलेलं संगीत व्हिनाइलवर आणायच्या विचारात असतील, तर निदान त्यांचा दीड महिना वाचावा म्हणून हे लिहितोय.

आम्ही सात जण. सॅक्सोफोन आणि ट्रंपेटवाले लग्नसराईत बँडमध्ये वाजवतात. क्लॅरिनेटवाले काका त्याच बँडमध्ये आयुष्यभर वाजवून आता घरी असतात. पेटीवाला भजनी मंडळातला, ड्रमवाला ऑर्केस्ट्रातला, बास गिटार माझी आणि हलगी मामांची. दर गुरुवारी रात्री उद्यमनगरात एका मित्राच्या शेडमध्ये जमायचं. एकानं काहीतरी सुरू करायचं, बाकीच्यांनी ऐकत ऐकत त्यात शिरायचं. तीन वर्षं हे चाललं आणि एका रात्री चाळीस मिनिटांचं सलग वादन असं जमून आलं, की संपल्यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही. सुदैवानं माइक चालू होते. मिक्सिंग, मास्टरिंग सगळं बिनबोभाट झालं, पैसेही वर्गणीतून उभे राहिले.

अडलं ते रेकॉर्ड छापून देणाऱ्या कंपनीच्या हक्कांच्या फॉर्मवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. छपाईआधी हा ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाचंही गाणं छापून घेईल. गीतकाराच्या रकान्यात ‘वाद्यसंगीत’ लिहिलं, ते चाललं. संगीतकाराच्या रकान्यात सात नावं स्वल्पविराम देऊन टाकली, तर फॉर्म परत. ग्रुपचं नाव टाकलं, तर त्या नावाचं पॅन कार्ड मागितलं. ग्रुपची नोंदणीच नाही, पॅन कुठून आणणार? फोन केला तर पलीकडच्या मॅडम अगदी सहज म्हणाल्या, “सर, एकाचं नाव टाका ना. पैशाचं तुम्ही आपसात बघून घ्या.”

तिथं मी अडून बसलो. प्रश्न पैशाचा नव्हताच. तीनशे प्रतींतून कुणाला काय मिळणार आहे? पण मामांनी बाराव्या मिनिटाला जो ठेका मोडला, त्यातून सॅक्सोफोनला पुढची वाट सापडली. सॅक्सोफोनमुळे पेटी खालच्या सुरात उतरली आणि पेटीमुळे मी. यातला संगीतकार कोण? आपल्या कोल्हापुरात हे समजवावं लागत नाही. ज्या गावानं जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं ऐकलं, त्या गावाला बंदिश (आधी बांधलेली रचना) कशाला म्हणतात आणि बढत (गाता-वाजवताना होणारा विस्तार) कशाला, हे ठाऊक आहे. आमच्या रेकॉर्डवर बंदिश नाहीच, सगळी बढतच आहे, आणि ती सातांची आहे.

मॅडमना आमचं संगीत कळावं म्हणून मेलमध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’ या रेकॉर्डचा दाखला दिला. डिसेंबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, चार-चार वादकांच्या दोन चौकड्यांनी मिळून वाजवलेलं सुमारे ३७ मिनिटांचं सलग वादन. एक चौकडी डाव्या चॅनेलवर, दुसरी उजव्या. आम्हीही हलगी डावीकडे आणि ड्रम उजवीकडे ठेवलाय, तो त्यांच्याकडूनच शिकून. चार दिवसांनी उत्तर आलं: त्या रेकॉर्डवर संगीतकार म्हणून एकच नाव आहे! खरं आहे ते. पण त्यात कोलमन यांनी आधी रचलेले छोटे तुकडे आहेत, सगळे मिळून वाजवतात ते. आमच्याकडे तसा एकही नव्हता. हे लिहून कळवलं. पुन्हा आठ दिवस शांतता.

मग एका वकील मित्रानं कॉपीराइट कायदा, १९५७ समोर ठेवला. ही दोन कलमं लिहूनच ठेवा. कलम २ (झेड): दोन किंवा अधिक जणांच्या सहकार्यातून झालेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त कर्तृत्वाची कृती. आणि कलम २ (एफएफए): संगीत रचतो तो संगीतकार, मग त्यानं ते स्वरलिपीत लिहिलेलं असो वा नसो. वाचताना अंगावर काटा आला. गुरुवारी रात्री शेडमध्ये आम्ही जे करतो, तेच जणू कुणीतरी लिहून ठेवलं होतं. कोर्टाजवळ नोटरी गाठली, पाचशेच्या स्टँप पेपरवर सातांचा करार केला, सह्या झाल्या आणि दोन्ही कलमांसकट तो पाठवून दिला.

तेव्हा कुठं कळलं, की फॉर्ममध्ये ‘संयुक्त’ हा प्रकार आधीच निवडला, तर खाली जादा ओळी उघडतात. दीड महिन्यात हे एकानंही सांगितलं नव्हतं.

तरी संपलं नाही. प्रत्येकाचा टक्का भरायचा, दशांशानंतर दोनच आकडे, आणि बेरीज बरोबर शंभर. सातांना १४.२८ दिले की ९९.९६ होतात, १४.२९ दिले की १००.०३. फॉर्म पुढं जाईना. शेवटी चौघांना १४.२९ आणि तिघांना १४.२८ असा मेळ बसला. पण ते चौघं कोण? मी शेडमध्ये विषय काढला, तर मामा हलगी शेकता शेकता म्हणाले, “चिठ्ठ्या टाका की. त्यात काय एवढं?” त्यांच्याच टोपीत सात चिठ्ठ्या टाकल्या. मामांना १४.२८ आले. करारात वाटणी समान लिहिलीच होती, त्यामुळे हा आकडा फॉर्मपुरताच. त्याच रात्री बेरीज शंभर झाली आणि फॉर्म हिरवा झाला. मी घरी जाताना रंकाळ्यावर गाडी थांबवून सगळ्यांना फोन केले.

आता आठवेल तसं सांगतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृतीबरोबरच येतो. करायचीच असेल तर ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. कलम ५२ए प्रमाणे रेकॉर्डवर आणि कव्हरवर निर्मात्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष लागतं. आम्ही पत्ता विसरलो, कव्हरचं डिझाइन परत आलं.

आणि हे खरं तर रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा: बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला वीसेक मिनिटंच चांगली बसतात. आवाज आणि खर्ज (खालचे, जाड सूर) जितका मोठा, तितकी सुईची खाच रुंद, तितकी जागा कमी. सलग वादन कुठंतरी तोडावं लागतंच. आमचं विसाव्या मिनिटाला तुटलं, सगळे थांबून एकटी हलगी उरते तिथं. खर्ज डाव्या-उजव्या चॅनेलच्या मधोमध ठेवा, नाहीतर सुई उडते. शिवाय सुई रेकॉर्डच्या मध्याकडं सरकते तसा आवाज फाटायला लागतो, आणि आमचे सातही जण नेमके शेवटी तुटून पडले होते. टेस्ट प्रेसिंगमध्ये, म्हणजे आधी तपासायला येणाऱ्या नमुना प्रतीत, ते स्पष्ट ऐकू आलं. शेवटच्या तीन मिनिटांचा आवाज थोडा उतरवून खाचांचं कटिंग पुन्हा करून घेतलं. टेस्ट प्रेसिंग दोन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐकल्याशिवाय होकार देऊ नका.

लेबलावर सातही नावं गोलाकार छापून घेतलीत. मामांनी रेकॉर्ड कडेला धरून हळूहळू फिरवली आणि सातही नावं मोठ्यानं वाचली. प्रती आता माझ्या घरी आहेत, कपाटात उभ्या लावलेल्या. एकावर एक ठेवल्या की त्या वाकतात. एक प्रत शेडमध्ये ठेवलीय. दर गुरुवारी वाजवायला बसण्याआधी तिची पहिली बाजू लागते.