तंजावरच्या भिंतीवर मराठी

तिरुचिरापल्लीहून सकाळच्या पॅसेंजर गाडीने आम्ही दोघे तंजावरला उतरलो, तेव्हा मदुराईपासून बसने केलेल्या प्रवासाचा शीण अजून अंगात होता. स्थानकाबाहेर साध्या शहर बसमध्ये चढल्यावर वाहकाने शिट्टी वाजवली, माझे पैसे घेतले आणि सौभाग्यवतींच्या हाती मात्र बिनपैशांचे तिकीट ठेवले. तमिळनाडूत 2021पासून अशा बसमध्ये स्त्रियांना भाडे पडत नाही, हे मला माहीत होते, तिला नव्हते. ते तिकीट तिने पाकिटात जपून ठेवले आहे.

राजराज चोळाने सुमारे 1010 साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे शिखर पाहून मान अवघडली, पण आम्ही खरे रेंगाळलो ते प्राकाराच्या भिंतीपाशी. तेथे तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, आणि तोही मराठीत. चार दिवस एकही पाटी धड वाचता न आलेल्या आम्हाला दगडावरची देवनागरी बोट न लावता, अडखळत का होईना, वाचता येत होती. शेजारचा सुरक्षारक्षक आमच्याकडे संशयाने पाहत होता. कुंभकोणमची पुढची बस त्या नादात चुकली.