पोराचं गणित कच्चं आहे, आयटीआयला टाकू का?

दहावीचा निकाल लागला की ओळखीचे आईवडील हमखास विचारतात, "पोराचं गणित कच्चं आहे. आयटीआयच्या मशिनिस्ट कोर्सला टाकला तर चालेल ना? तिथं काय, सगळं हातकाम." माझी बरीच वर्षं भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

जरूर टाका, पण गणितातून सुटका होईल या आशेनं नको.

पाचवीचे अपूर्णांक आमच्याकडे रोज लागतात. समजा, मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरनं धातू कापणारं मशीन) सात दातांचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा आला. जॉब मोजून फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडचं हँडल 40 वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. मग एका दाताला 40 भागिले 7, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि वर पाच सप्तमांश. हा पाच सप्तमांश फेरा मोजायचा कसा? हँडलमागच्या इंडेक्स प्लेट नावाच्या चकतीवर 21 भोकांचं वर्तुळ असतं. पाच सप्तमांश म्हणजेच पंधरा एकविसांश. पाच फेरे, पंधरा भोकं! वहीत जे कधी उमगलं नाही ते हँडल हातात आल्यावर उमगलेली मुलं मी पाहिली आहेत. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला फार आवडतो.

नुसती सूत्रं पाठ करून मात्र भागत नाही. शिकाऊ असताना मला 100 मिमी लांबीत 50 वरून 40 मिमी व्यासावर येणारा टेपर, म्हणजे निमुळता उतार, लेथवर काढायचा होता. हत्यार तिरकं सरकवणारी कंपाउंड स्लाइड मी 5 अंश 43 मिनिटांवर लावली. हवी होती 2 अंश 52 मिनिटांवर. टेपर दोन्ही बाजूंनी उतरतो, म्हणून व्यासांतला फरक निम्मा धरायचा, हे मला कुणी चित्र काढून दाखवलंच नव्हतं. जॉब भंगारात गेला.

पुढे एका शॉपमध्ये सीएनसीवरून (संगणकावर चालणारं मशीन) मापात उतरलेले 100 मिमी व्यासाचे शाफ्ट सकाळी वीसेक मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) बारीक भरायला लागले. सगळे ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती, बदलत बसले. एका शिकाऊ मुलीनं कशालाही हात न लावता प्रत्येक शाफ्टचं माप दोनदा टिपलं, उतरल्याबरोबर आणि तासाभरानं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. शाफ्ट 20 अंशांनी जास्त गरम असेल तर 100 मिमीवर 23 मायक्रॉन. आम्ही गरम जॉब मोजत होतो; थंड झाल्यावर तो आकसत होता. गुणाकार सोपाच होता, पण तो करायचा आहे हे तिच्या नोंदींमुळे कळलं.

म्हणून प्रवेशाआधीच्या सुट्टीत पोराकडून अपूर्णांक आणि दशांश पक्के करून घ्या. कोनांसाठी लागणारं साइन-टॅन आयटीआयत वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला होईल.