ती दे ना... ती!

आज स्टुलावर उभा राहून लेकीला म्हणालो, "अगं, ती दे ना... ती... 'प'वरून..." बोटं हवेत तार पिळून दाखवत होती, पण 'पक्कड' काही तोंडातून बाहेर पडेना. गंमत म्हणजे शब्द स्त्रीलिंगी आहे हे पक्कं ठाऊक! 'तो दे' असं चुकूनही म्हटलं नाही. म्हणजे डोक्यात आधी अर्थ, मग शब्दाचं व्याकरण आणि उच्चार त्याच्याही नंतर. आपण बोलतो कसे याचा अभ्यास करणारे डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेला क्रम साधारण हाच. एरवी सेकंदाला दोन-तीन शब्द बिनबोभाट सुटतात. आज गाडी मधल्याच स्टेशनात अडकली. (वयाचं नाव काढू नका, विशीतल्यांचंही असं होतं.) पोरीने निमूट पाना हातात ठेवला.

"हा नाही गं, ती!"