चानीची पिल्लं

आज कौलाखालची फट बुजवायला जाळी नि खिळे घेऊन माळ्यावर चढले, कारण चान्यांनी, म्हणजे खारींनी, यंदा एक चिकू धड ठेवला नाही आणि कोवळे नारळ तर भोकं पडून खाली येतायत. बघते तर वाशाच्या कोपऱ्यात काथ्या, कापूस आणि त्यात तीन पिल्लं, डोळे मिटलेले, बोटाएवढी, पाठीवरचे पट्टे नुकते दिसायला लागलेले. हात नाही लावला. आत्ता फट बंद केली तर आई बाहेर राहील नि ही उपाशी मरतील, मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबणारच मी. माडांना मात्र फोंड्याहून आणलेला गुळगुळीत पत्रा उद्याच गुंडाळून घेते, त्यावर नखं रुतत नाहीत, आणि माडाला टेकलेली आंब्याची फांदीही तोडायची, नाहीतर तिथून उडी मारतात. चिकूंना जुनी मच्छरदाणी.