प्रोजेक्ट इंजिनची नोंद: पी०१७१ आणि एकमेकांना झाकणारे तीन दोष

इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडर, टर्बो नाही. हवा मोजायला मास एअरफ्लो सेन्सर (यापुढे मॅफ), कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी चार वायरचा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर. स्कॅनरवर दोषाचा कोड एकच, पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी). हा कोड आला की पहिला बळी ऑक्सिजन सेन्सरचा जातो. पण 'एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे' हे सांगणारा तो निव्वळ साक्षीदार. म्हणून आधी साक्षीदाराचीच उलटतपासणी.

इंजिन गरम, आयडलवर. इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडला की सेन्सरचं व्होल्टेज ०.८ च्या वर गेलं पाहिजे. एक व्हॅक्यूम होज उपसली की ०.२ च्या खाली आलं पाहिजे. दोन्ही झालं, तेही लगेच. वर चढायला लागणारा वेळ १०० मिलिसेकंदांच्या आत हवा, पण स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टरवर तो दिसतच नाही, इतक्या वेगाने तो आकडे आणत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच लागतो. सेन्सरच्या आधीच्या गॅस्केटमधून एक्झॉस्ट गळत असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, तर ठणठणीत सेन्सरही खोटं लीन दाखवतो. दोन्ही तपासलं, नाही.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधनात करतो ती टक्केवारीतली वाढ-घट. शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (शिकून ठेवलेली) यांची बेरीज तीन ठिकाणी घेतली: आयडलला +४, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला +९, चढावर अर्ध्या थ्रॉटलला +२१ टक्के. मॅफ असलेल्या इंजिनात व्हॅक्यूम गळती असली तर चित्र उलटं दिसतं: आयडलला ट्रिम सर्वात जास्त आणि वेग वाढेल तशी कमी. लोडबरोबर ट्रिम वाढत असेल तर संशय दोघांवर, मॅफ कमी मोजतोय किंवा इंधनाचा पंप कमी पडतोय. लोडखाली इंधनाच्या रेलचं प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्यावरून हललं नाही. उरला मॅफ.

मॅफची परीक्षा

यात अंदाज नको, गणित करावं. चार स्ट्रोकचं १.६ लिटर इंजिन ५५०० आरपीएमला सेकंदाला १.६ × ५५०० ÷ १२० = ७३.३ लिटर हवा ओढू शकतं. समुद्रसपाटीला २५ अंशांना लिटरभर हवेचं वजन १.१८ ग्रॅम, म्हणजे ८६.५ ग्रॅम. सुस्थितीतलं साधं इंजिन यातलं साधारण ८० ते ८५ टक्के भरतं. पूर्ण थ्रॉटलला स्कॅनरवर दिसले ५४, म्हणजे ६२ टक्के. (ही धाव डायनोवर, म्हणजे चाकं जागीच फिरवणाऱ्या यंत्रावर, घ्यावी. आणि पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ओपन लूपमध्ये जातो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतो, तेव्हा ट्रिमचे आकडे मात्र अर्ध्या थ्रॉटलचेच घ्यावेत.)

मॅफच्या हॉट वायरवर (हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर) तपकिरी थर होता. कॉटन फिल्टरला तेल जास्त लागलं की ते उडून इथेच बसतं. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे जास्त प्रवाहाला सेन्सर कमी मोजतो आणि आयडलला कधी कधी किंचित जास्त. सेन्सर थंड होऊ दिला, फक्त मॅफ क्लीनरचे दहा-पंधरा फवारे मारले, पूर्ण वाळवला. वायरला कापूस, ब्रश, बोट काहीही लावू नका, आणि ब्रेक क्लीनर तर नकोच. नंतर त्याच आरपीएमला ७० ग्रॅम, म्हणजे ८१ टक्के. लोडची ट्रिम +५ वर आली. आयडलची मात्र +४ वरून +७ झाली.

कूलंट सेन्सर

आयडलची ट्रिम वाढली म्हणजे मॅफच्या चुकीने तिथे काहीतरी झाकलं होतं. त्यात स्कॅनरवर कूलंट ७८ अंशांच्या पुढे जाईना. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी असंच दिसतं, म्हणून हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: ९० अंश. (चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, काळी टेप चिकटवून मोजा.)

रात्रभर थंड झालेल्या गाडीत कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जुळतं का, ही नेहमीची चाचणी. इथे ती पास झाली, जेमतेम दीड अंशाचा फरक. याचं कारण एनटीसी सेन्सरच्या (तापमान वाढलं की ज्याचा रोध कमी होतो) स्वभावात आहे. या जातीच्या सेन्सरचा रोध ३० अंशांना सुमारे १७०० ओहम आणि ९० अंशांना सुमारे २४० असतो. वायरिंगमध्ये कुठे १०० ओहम जास्तीचे शिरले तर थंडीत ते खपून जातात. गरम असताना २४० चे ३४० होतात आणि ईसीयूला ७८ अंश वाटतं. ईसीयू वॉर्मअपचं जादा इंधन देत राहतो आणि ट्रिम खाली ओढली जाते.

कनेक्टर काढून सेन्सरचा रोध मोजला तर तो चोख. म्हणून कनेक्टर जोडून, इंजिन चालू ठेवून, सेन्सरच्या अर्थ (ग्राउंड) पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं: ०.२१. इथे ०.०५ च्या वर काही चालत नाही. टर्मिनलच्या क्रिंपमध्ये हिरवा गंज निघाला. नवं टर्मिनल क्रिंप केल्यावर ०.०२ व्होल्ट, कूलंट ९० अंश. सेन्सर बदलून यातलं काहीच सुटलं नसतं.

आता खरी गळती

आयडलची ट्रिम +१२, २५०० ला +६. गळतीचं पुस्तकी चित्र आता कुठे उमटलं. व्हॅक्यूम होज एकेक करून पक्कडीने दाबत गेलं की शॉर्ट ट्रिमकडे बघायचं. पीसीव्हीची (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये नेणारी) होज मॅनिफोल्डजवळ दाबल्याबरोबर ट्रिम घसरली. होजच्या कोपऱ्याच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही छोटी चीर होती, वरून न दिसणारी. वाकवली की उघडायची. मॅफनंतरच्या भागात ऑइल फिलरचं झाकण आणि डिपस्टिकचं सीलही मोडतं, ती दोन्हीही बघून घेतली.

नवी होज टाकून लाँग ट्रिम रीसेट केली आणि मिश्र वेगात चालवून पुन्हा शिकू दिली: आयडल +२, २५०० ला +१, लोडला +३. पेट्रोलमधल्या इथेनॉलचा वाटाही यात असू शकतो. शुद्ध पेट्रोलला १४.७:१ लागतं, १० टक्के इथेनॉलला सुमारे १४.१:१, आणि तेवढा फरक ट्रिममध्येच दिसतो. तेव्हा आणखी खाली आणण्याच्या मागे लागणार नाही. पुढच्या नोंदीसाठी ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा रोध आणि थंड स्टार्टनंतर क्लोज्ड लूपला (ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकू लागायला) लागणारा वेळ मोजायचा बाकी आहे.