सतरा थेंब

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्नांची चिठ्ठी सोडवून घेण्याची माझी पद्धत सहकाऱ्यांना वेळेचा अपव्यय वाटते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी 81 टक्के मजकूर आठवला आणि न बघता लिहून काढणाऱ्यांना 75 टक्के, पण आठवड्याने पहिल्यांकडे 42 टक्केच उरला होता आणि दुसऱ्यांकडे 56, हे आकडे मी त्यांना अनेकदा ऐकवले आहेत. म्हणूनच बालरुग्ण विभागातली ती सकाळ मला जास्त लागली.

सलाइनच्या थेंबांचे गणित त्या तुकडीने तीन आठवडे रोज सोडवले होते: एकूण मिलीलिटर गुणिले एका मिलीलिटरमधले थेंब, भागिले मिनिटे. एका लहान मुलाला 2 तासांत 100 मिली द्यायचे होते. चिठ्ठीत नेहमी पाचपैकी पाच मिळवणारी विद्यार्थिनी "सतरा थेंब, मॅडम" म्हणाली आणि तिने थेंबांचा वेग ठरवणाऱ्या रोलरकडे हात नेला. स्टँडला मात्र मायक्रो सेट, म्हणजे बारीक थेंबांची सलाइनची नळी होती, जिच्यात एका मिलीचे 60 थेंब पडतात. म्हणजे मिनिटाला 50 थेंब हवे होते आणि सतराने मुलाला जेमतेम तिसरा हिस्सा मिळाला असता. चेंबरमध्ये बारीक धातूच्या नळीतून पडणारा तो चिमुकला थेंब तिच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचा आपल्या गणिताशी काही संबंध आहे हे तिच्या ध्यानीही आले नाही. मी तिचा हात धरला.

संध्याकाळी जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. प्रत्येक प्रश्नात "20 थेंबांचा सेट" हे मीच लिहून दिले होते आणि चुकलेल्या उत्तराशेजारी लाल शाईने नुसता बरोबर आकडा टाकला होता. तेच प्रश्न पुन्हा आले तर बरोबर उत्तर कळवणे पुरते, नव्या प्रश्नाला मात्र कारणासह सांगितलेलेच अधिक उपयोगी पडते, हे बटलर, गोडबोले आणि मार्श या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले आहे. मला ते ठाऊक होते. साठ चिठ्ठ्यांवर कारणे लिहिण्याचा कंटाळा होता, इतकेच.

आता मी थेंबांचा आकडा देत नाही, तो छापलेले सेटचे पाकीट हातात देते आणि उत्तर कुठे व का घसरले ते लिहिते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या वॉर्डात तीच मुलगी टोपलीत वाकून टाकलेले पाकीट शोधत होती आणि इन्चार्ज सिस्टर तिला रागावत होत्या. हे नव्या चिठ्ठ्यांमुळे झाले, की मी सर्वांदेखत तिचा हात धरला होता त्यामुळे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.